गोळ्या संपल्या, तेव्हा विचारायचं कुणी?

मी महापेच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेली पाच वर्षं ज्या सॉफ्टवेअरवर मी काम करतो, त्याचं काम सोपं आहे. ग्राहकाने बिल भरलं नाही, तर ते विसरायचं नाही. मुदत उलटून तीन दिवस झाले की पहिला मेसेज जातो, सातव्या दिवशी दुसरा. पंधराव्या दिवशी त्या ग्राहकाचं नाव थकबाकीच्या यादीत सर्वांत वर येतं आणि कॉल सेंटरमधून कुणीतरी त्याला फोन करतं. रक्कम तीनशे रुपयांची असली तरीही.

माझ्या वडिलांनी बीपीची गोळी बंद केली, तेव्हा आठ महिने कुठल्याच यादीत त्यांचं नाव वर आलं नाही.

अब्बा तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये एका पेढीवर हिशेब लिहायचे. मार्केट मुंबईतून इकडे हललं, तसे आम्हीही मस्जिद बंदर सोडून कोपरखैरण्याला आलो. पन्नाशी उलटल्यावर त्यांना बीपी निघालं. एका धर्मादाय रुग्णालयात ते सहा वर्षं दर महिन्याला नेमाने जात होते. मग बहिणीच्या लग्नासाठी गावी, म्हसळ्याला गेले. तिथे गोळ्या संपल्या. डोकं दुखलं नाही की चक्कर आली नाही. ‘आता बरं वाटतंय, मग गोळी कशाला?’ असं म्हणून परत आल्यावरही त्यांनी ती सुरू केली नाही. आठ महिन्यांनी एका पहाटे फजरच्या वजूला बसले असताना त्यांचा उजवा हात उचलेना. जीव वाचला. पण ज्या माणसाने चाळीस वर्षं पोत्यांचे हिशेब तोंडी केले, त्याला आज नातवाचं नाव घेतानाही थांबावं लागतं.

घरी आणल्यावर मी त्यांचा जुना केसपेपर चाळला. शेवटची नोंद होती : बीपी १३६/८४, त्याच गोळ्या, ३० दिवसांनी येणे. त्याखाली पान कोरं. रुग्णालयाकडे आमचा फोन नंबर होता आणि पुढची तारीखही लिहिलेली होती. फक्त त्या तारखेला हा माणूस आला की नाही, हे पाहणं कुणाचंच काम नव्हतं. आणि हेही कबूल करतो, की मीसुद्धा विचारलं नाही. ज्याचा पगार लोकांना थकबाकीची आठवण करून देण्यावर चालतो, तो मुलगा त्याच घरात राहत होता.

हा लेख डॉक्टरांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. ओपीडीत डॉक्टरांसमोर जो बसलेला असतो, तोच त्यांना दिसतो. बाहेर आणखी शंभर जण थांबलेले असतात. न आलेला माणूस डॉक्टरांना दिसणार कसा? त्याच्यासाठी वेगळं माणूस लागतं. माझं म्हणणं असं, की मधुमेह आणि रक्तदाबाच्या बाबतीत ते माणूस म्हणजे नर्स, आणि आपण तिला ते काम नीट दिलेलंच नाही.

रोज दोनशे माणसं

मलेरिया झाला तर डॉक्टरांकडे जायचं, औषध घ्यायचं, बरं व्हायचं. बीपी-शुगरचं तसं नाही. निदान एकदाच होतं, त्यानंतर पुढची वीस-तीस वर्षं औषध चालू ठेवावं लागतं. या आजारात बहुतेक वेळा हुशारीपेक्षा सातत्य कमी पडतं. दर महिन्याला मोजायचं, गोळ्या द्यायच्या, पाय बघायचे, जेवणाचं विचारायचं, आणि आला नाही तर शोधायचं.

आकडा किती मोठा आहे बघा. आयसीएमआरच्या इंडिअ‍ॅब सर्वेक्षणाचे देशभराचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि २० वर्षांवरच्या लोकांपैकी ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब.

आता शहरातला हिशेब करू. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ मध्ये सुरू झालं, तेव्हा साधारण ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असं प्रमाण ठरलं. ५० हजारांत ३० हजार प्रौढ धरले, तर राष्ट्रीय सरासरीने साडेदहा हजार जणांना रक्तदाब असणार. निम्मे खासगी डॉक्टरांकडे जातात असं समजू. उरले पाच हजारांवर. प्रत्येकाने महिन्यातून एकदा यायचं म्हटलं आणि केंद्र महिन्यात २५ दिवस उघडं धरलं, तर रोज दोनशेहून जास्त माणसं, आणि तीही फक्त बीपीची. डॉक्टर सहा तास मान वर न करता बसले, तरी एकाच्या वाट्याला दोन मिनिटंही येत नाहीत. ताप, खोकला, गरोदर बाया, लहान मुलं अजून मोजलीच नाहीत.

आज इतकी माणसं केंद्रात येत नाहीत, म्हणून गाडी चालू आहे. निम्म्यांना आपला आजार माहीत नाही असं समजा, किंवा माहीत असून ते फिरकत नाहीत असं समजा. गर्दी कमी दिसते, ती अब्बांसारखे लोक घरी बसल्यामुळे. उद्या सगळे आले, तर केवळ डॉक्टरांच्या बळावर हे निभणार नाही.

लाल पेनाची वही

अब्बांच्या आजारपणानंतर अम्मीची शुगर तपासली, तर तीही वाढलेली निघाली. तिला मी सरकारी केंद्रात घेऊन गेलो. तिथे एक सिस्टर होत्या. त्यांनी स्वतःच्या पैशांनी एक लांबडी वही आणली होती, पट्टीने रकाने आखलेली. नाव, फोन, यायची तारीख. जो आला नाही त्याच्या नावाखाली लाल रेघ. दुपारी ओपीडी ओसरली, की त्या लाल रेघांना फोन करत बसायच्या.

अम्मीला पहिला फोन आला तो दिवस मला आठवतो. ‘चाची, मंगळवारी गोळ्या संपल्या असतील. आला नाहीत?’ अम्मीने फोन ठेवला आणि अर्धा तास घरभर सांगत फिरली, ‘सिस्टरचा फोन होता, माझ्यासाठी.’ दुसऱ्या दिवशी कुणी सोबत येईल याची वाट न बघता ती एकटी रिक्षा करून गेली.

तीन महिने झाले तरी शुगर उतरत नव्हती. डॉक्टर डोस वाढवणार होते. सिस्टरनी अम्मीला बाजूला बसवून विचारलं, ‘गोळी कशी घेता, मला दाखवा.’ तेव्हा कळलं की अम्मी गोळीचे दोन तुकडे करून अर्धीच घेत होती. पूर्ण घेतली तर सवय लागेल, ही तिची भीती. हे तिने डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, मलाही नाही. डोस वाढवायची गरजच नव्हती. सिस्टरने शेजारी बसून विचारलेल्या एका प्रश्नाने ते काम झालं. लघवीच्या जागी खाज येते, पायांना मुंग्या येतात, हेही तिने सांगितलं ते सिस्टरनाच. आपल्या घरांतल्या बायका पुरुष डॉक्टरांसमोर काय बोलतात आणि काय गिळतात, ते मी सांगायला नको.

मग रमजान आला. अम्मी रोजे सोडणार नव्हती. आजारी माणसाला सवलत आहे, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं, पण ‘मी कुठे आजारी आहे?’ हा तिचा प्रश्न होता. सिस्टरनी वाद घातला नाही. शाबानमध्येच तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्यांचा डोस आणि वेळ बदलली. सहरी उशिरा करायची, इफ्तारला सरबत आणि भजी यांवर तुटून पडायचं नाही, दुपारी बोट टोचून शुगर बघायची, त्याने रोजा मोडत नाही, आणि शुगर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडायचा. हे सगळं सिस्टरनी एका कागदावर लिहून दिलं. त्या रमजानमध्ये अम्मीने दोन रोजे सोडले आणि ईदला धडधाकट होती.

हे काही तिचे लाड नव्हते. २००१ मध्ये १३ देशांत १२ हजारांवर मुस्लिम मधुमेही रुग्णांचा एक अभ्यास झाला होता, एपिडायर नावाने. टाइप २ मधुमेह असलेल्यांपैकी ७९ टक्के लोकांनी किमान १५ रोजे ठेवले होते, आणि शुगर धोकादायकरीत्या खाली जाण्याचं त्यांच्यातलं प्रमाण रमजानमध्ये साडेसात पट झालं होतं. लोक रोजे ठेवतातच. प्रश्न एवढाच, की ते कुणाशी बोलून ठेवतात की गपचूप. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, की ही तपासणी आणि समजावणी रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी व्हावी. आपल्या वस्तीत ती कोण करणार? ज्याच्याकडे वही आहे, तोच करू शकतो.

पुढच्या वर्षी त्या सिस्टर दुसरीकडे गेल्या. त्या कंत्राटी होत्या. वही कपाटात राहिली आणि फोन थांबले.

महाराष्ट्रात हे करून पाहिलेलं आहे

एका भल्या सिस्टरची ही गोष्ट म्हणून सोडून देता येईल. पण हे काम नीट बांधून करता येतं, आणि ते आपल्याच राज्यात झालं आहे. २०१७ च्या अखेरीस भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. केंद्र आणि राज्य सरकारं, आयसीएमआर आणि जागतिक आरोग्य संघटना त्यात होत्या. महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे सुरुवातीपासून त्यात आले.

त्यांनी नवीन औषध शोधलं नाही. पाच साध्या गोष्टी केल्या. उपचारांच्या पायऱ्या आधीच ठरवल्या : कुठल्या गोळीने सुरुवात करायची, आणि महिन्याने बीपी १४०/९० च्या खाली आलं नाही तर पुढे काय. त्या ठरावीक गोळ्यांचा साठा संपू द्यायचा नाही. गोळ्या एकदम तीस दिवसांच्या द्यायच्या, आणि जमेल तिथे घराजवळच्या उपकेंद्रावरच. काम डॉक्टर, नर्स, आशा यांच्यात वाटायचं. आणि प्रत्येक रुग्णाची नोंद अशी ठेवायची, की कोण आलं नाही ते कळेल. सप्टेंबर २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला.

या नोंदींसाठी ‘सिंपल’ नावाचं एक ॲप वापरलं गेलं. ते मुक्त स्रोत आहे, म्हणून एका रविवारी मी त्याचा कोड उघडून वाचत बसलो. त्यात काही चमत्कार नाही. नर्सने बीपीचे दोन आकडे भरायचे, गोळ्या तपासायच्या, पुढची तारीख द्यायची. आणि एक वेगळं पान : तारीख उलटून गेलेल्यांची यादी, तिथूनच फोन लावायची सोय. माझ्या कंपनीतलं थकबाकीचं पान आणि हे पान जवळजवळ सारखंच आहे. ते बघताना मला अब्बांचा केसपेपर आठवला आणि लॅपटॉप बंद करावा लागला.

माझ्या धंद्यातल्या लोकांसाठी इथे एक इशारा. ॲप आलं की काम झालं, असं आपल्याला वाटतं. हरियाणा आणि कर्नाटकातल्या ४० सामुदायिक आरोग्य केंद्रांत ‘एमवेलकेअर’ नावाचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. निम्म्या केंद्रांतल्या नर्सना सल्ला देणारं ॲप दिलं, निम्म्यांत दिलं नाही. प्रशिक्षण मात्र दोन्हीकडे मिळालं होतं. वर्षभराने दोन्हीकडे रुग्णांचा रक्तदाब उतरला, पण ॲपमुळे म्हणावा असा फरक पडलेला दिसला नाही. मी यातून एवढंच घेतो, की ॲप वहीच्या जागी येऊ शकतं, सिस्टरच्या जागी येऊ शकत नाही.

आणि नर्सच्या हाती हे काम दिलं तर रुग्णाचं नुकसान होतं का? कॉक्रेनने २०१८ मध्ये अशा १८ चाचण्यांचा आढावा घेतला. प्राथमिक उपचारांत जिथे प्रशिक्षित नर्सने डॉक्टरांचं काम केलं, तिथे रुग्णांची तब्येत तितकीच किंवा थोडी जास्त चांगली राहिली, आणि रुग्णांचं समाधान जास्त. यातल्या बहुतेक चाचण्या श्रीमंत देशांतल्या होत्या, हे खरं. तिथल्या नर्सकडे वेळ होता, खोली होती, पक्की नोकरी होती. आपण तेच द्यायला विसरतो.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप डॉक्टरांचा. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात कलम ३२ आलं. प्राथमिक आणि प्रतिबंधक उपचारांपुरती ठरावीक औषधं देण्याचा मर्यादित परवाना डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना देता येईल, अशी ती तरतूद. डॉक्टरांच्या संघटनांनी तिला कडाडून विरोध केला, भोंदूंना रान मोकळं होईल म्हणून. गल्लोगल्ली पाट्या बघता ही भीती मला खोटी वाटत नाही. पण मी मागतो आहे ते त्याहून कमी आहे. निदान डॉक्टरांनी करावं. औषध डॉक्टरांनी सुरू करावं आणि बदलावं. ज्याचं बीपी ताब्यात आहे, त्याला सहा महिन्यांचा आराखडा डॉक्टरांनी लिहून द्यावा. मधल्या महिन्यांत मोजणं, त्याच गोळ्या देणं, आणि आकडा ठरलेल्या रेषेपलीकडे गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवणं, हे नर्सने करावं. सहा वर्षं तीच गोळी घेणाऱ्या माणसाने तिच्यासाठी दर महिन्याला तीन तास रांगेत बसावं, यात वैद्यकशास्त्र काही नाही. रोजंदारीवरचा माणूस त्या तीन तासांसाठी दिवसाचा खाडा करतो आणि दोन-तीन खाड्यांनंतर येणंच सोडतो.

दुसरा आक्षेप खुद्द नर्सचा, आणि तो जास्त वजनदार आहे. नागरी अभियानाच्या प्रमाणानुसार एका एएनएमकडे सुमारे दहा हजार लोकसंख्या. लसीकरण तिचं, गरोदर बायांच्या नोंदी तिच्या, कुठला सर्व्हे निघाला तर तोही तिचाच. त्यात हे आणखी एक रजिस्टर तिच्या डोक्यावर ठेवलं, तर ती आकडे घरी बसून भरेल आणि तिला दोष देता येणार नाही. म्हणून ही जबाबदारी आहे त्या माणसांवर लादून चालणार नाही. प्रत्येक केंद्रात किमान एक नर्स फक्त दीर्घ आजारांसाठी हवी. तिला टेबल हवं, पडदा हवा, सरकारी फोन हवा आणि दर अकरा महिन्यांनी न तुटणारी नोकरी हवी. ही शेवटची मागणी फक्त तिच्या पोटासाठी नाही. अम्मीने अर्ध्या गोळीचं गुपित ओळखीच्या माणसाला सांगितलं. ओळख व्हायला वर्ष जातं.

आपल्या घरचं थोडं

सरकारकडे बोट दाखवताना आपल्याकडेही बघू. आपल्या जमाती, ट्रस्ट, तरुणांची मंडळं मोफत आरोग्य शिबिरं भरवतात. मीही खुर्च्या लावल्या आहेत. मंडप पडतो, दोनशे जणांची शुगर तपासली जाते, फोटो निघतात. ज्या चाळीस जणांची शुगर वाढलेली निघते, त्यांना चिठ्ठी मिळते. महिन्याने त्या चाळिसांपैकी किती जण औषध घेत होते? मी तीन शिबिरांच्या आयोजकांना विचारलं. कुणाकडेच यादी नव्हती. पुढच्या शिबिराचा निम्मा मंडप रद्द करा आणि त्या चाळीस जणांना, त्यांची परवानगी घेऊन, जवळच्या केंद्रातल्या नर्सकडे नोंदवा. महिन्याने फोन करा. जुम्याच्या नमाजनंतर रमजानच्या आधीच्या तपासणीची सूचना द्यायला दोन मिनिटं लागतात.

दुसरी गोष्ट बोचेल. आपल्या आया-बहिणींना तपासायला बाईच हवी, असा आग्रह आपण धरतो. पण मुलगी नर्सिंगला जाते म्हणाली की घरात चेहरे पडतात. रात्रपाळी असते, लग्न कसं जमणार? मुलीला डॉक्टर करण्याची स्वप्नं आपण बघतो, नर्स मात्र दुसऱ्याच्या घरातून यावी असं वाटतं. मदिनेत मस्जिदीच्या आवारात तंबू टाकून जखमींची शुश्रूषा करणाऱ्या रुफैदा अल-अस्लमिया यांचं नाव आपण भाषणांत अभिमानाने घेतो. ते नाव घेण्याचा हक्क आपल्या मुलींचे प्रवेश-अर्ज बघितल्यावर ठरवू.

मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं होतं, की २०२५ पर्यंत साडेसात कोटी बीपी-शुगरच्या रुग्णांना प्रमाणित उपचारांखाली आणायचं. नोंदणीचे असे आकडे पुढेही येत राहतील. आपल्या वॉर्डातल्या केंद्रात जाऊन मात्र वेगळा प्रश्न विचारायला हवा : गेल्या महिन्यात यायला हवे होते आणि आले नाहीत, असे किती? त्यांना फोन कुणी केला? नागरी अभियानात वस्तीपातळीवर महिला आरोग्य समित्यांची तरतूद आहे. आपल्या बायका त्यांत बसल्या, तर हा प्रश्न दर महिन्याला विचारता येईल. नगरसेवकाकडे रुग्णवाहिका मागायला आपण जातो. एकदा नर्सची जागा मागायलाही जाऊ.

अब्बांची फिजिओथेरपी चालू आहे. त्यांच्या गोळ्यांची तारीख आता माझ्या फोनमध्ये आहे आणि अम्मीचीही. पण आमच्या मजल्यावर आणखी पाच घरं आहेत. त्यांतल्या तिघांच्या घरी बीपीची गोळी चालू आहे, असं परवा विचारल्यावर कळलं. चौथ्या घरातल्या काकांनी सांगितलं, ‘चालू होती. आता बरं वाटतंय.’

त्यांना मी उद्या सकाळी केंद्रात घेऊन जाणार आहे. ऑफिसात तसं कळवलंय.